अण्णांचं रग्बी: जुन्या फोटोंच्या साइट्स आठ महिने वापरल्यावर

अण्णा १९६२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला गेले, ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून. गाव रग्बी, परगणा वॉरिकशर. त्या नावाचा खेळ तिथल्या शाळेतून आला, पण अण्णांच्या तोंडी रग्बी म्हणजे मिल रोडवरचा टर्बाइनचा कारखाना. कंपनीचं नाव तोवर एईआय (असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज) झालं होतं, तरी कामगार जुन्या सवयीने बीटीएचच (ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन) म्हणायचे. दोन वर्षांनी अण्णा परत आले आणि बाकीचं आयुष्य पुण्यात गेलं. त्या दोन वर्षांचे आमच्या घरात तीन फोटो आहेत. तिन्हींत अण्णा आहेत, गाव कशातच नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा नीट दिसायला लागलं. तेव्हा म्हणाले, “अगं, तुमच्या त्या इंटरनेटवर रग्बीचा घड्याळाचा मनोरा मिळेल का बघायला?” त्या दिवसापासून आम्ही दोघं जवळजवळ दर रविवारी बसतो. तो अनुभव लिहिते, कारण साठच्या दशकात तिकडे शिकायला, नोकरीला किंवा हॉस्पिटलात काम करायला गेलेले आईवडील, काका, मामा पुष्कळ मराठी घरांत आहेत.

सगळ्यात जास्त वापरलं ते फ्रॅन्सिस फ्रिथ कलेक्शन. फ्रिथ हा १८२२ साली चेस्टरफील्डला जन्मलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला. लिव्हरपूलला किराण्याचा धंदा केला, तो विकला आणि कॅमेरा घेऊन इजिप्त-पॅलेस्टाइनला गेला. तिथल्या उन्हात तंबूत काचेवर रसायन ओतून प्लेटा तयार करायचा. परत येऊन सरे परगण्यातल्या रायगेट गावी कंपनी काढली आणि ब्रिटनमधलं गाव न् गाव टिपायचं ठरवलं. १८९८ मध्ये तो गेला, पण कंपनी पोस्टकार्डांच्या जोरावर चालत राहिली. त्यामुळे साठा साधारण १८६० ते १९७० असा आहे, आणि त्यात सुमारे सात हजार गावं-खेडी आहेत. अण्णांची दोन वर्षं बरोबर त्याच्या शेपटाकडे येतात.

गावाचं नाव टाकलं की फोटोंची रांग येते. पाहायला पैसे पडत नाहीत, छापील प्रत हवी तर विकत घ्यायची. पहिल्याच रविवारी मार्केट प्लेसमधला मनोरा निघाला, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठी बांधलेला. मला वाटलं होतं अण्णा गहिवरतील. त्यांनी मान हलवली, “हो, हाच,” म्हणाले आणि चहा मागितला. मी जरा हिरमुसले. मग पुढच्या एका रस्त्याच्या फोटोत, अगदी कडेला, दुकानाबाहेर टेकवलेली सायकल दिसली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. सेकंडहँड सायकल त्यांनी कुठून घेतली, किती हप्ते पडले, थंडीत साखळी कशी अडकायची, हे पाऊण तास चाललं. हे सगळं मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मला कळून चुकली. हे फोटो पोस्टकार्डासाठी काढलेले, म्हणून त्यांच्या मधोमध चर्च, पुतळा, बाग, मनोरा असतो. माणसाची आठवण मात्र फोटोच्या कडांना असते. दुकानाची पाटी, बसथांबा, कठड्यावर बसलेला पोरगा. फोटो मोठा करून कडेने बघत जा. आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडतो, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तेवढा आकार लागतो.

फोटोंच्या बरोबरीने या संग्रहात लोकांनी लिहिलेल्या आठवणीही आहेत, आणि माझ्या मते खरा ऐवज तोच. कुणी चार ओळी लिहितं, कुणी दोन पानं. शाळेची वाट, आजीचं दुकान, शनिवारचा सिनेमा, हरवलेल्या मैत्रिणीचा शोध. लिहिणारे लेखक नाहीत, म्हणून तर त्यात कुठल्या गल्लीत कुठला पाव मिळायचा हे येतं. मी एकेक आठवण मराठीत सांगत जाते आणि अण्णा मध्येच थांबवतात. एकाने बर्फाच्या हिवाळ्याबद्दल लिहिलं होतं, तर अण्णांनी स्वतःचा हिवाळा काढला. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि मार्चपर्यंत थंडीने पाठ सोडली नाही. दारातल्या बाटलीतलं दूध गोठून फुगायचं आणि बुचाला वर उचलायचं. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकल्याशिवाय खोली तापायची नाही, म्हणून शिलिंग जपून ठेवायचे. घरमालकीण बाईंनी न मागता जास्तीचं ब्लँकेट दिलं. त्या बाईंचं नाव घेताना अण्णांचा आवाज बदलला.

तारखांबद्दल एक सूचना. युद्धानंतरच्या बऱ्याच फोटोंवर साल “सुमारे १९५५”, “सुमारे १९६०”, “सुमारे १९६५” असं असतं. ते अंदाजाचं आहे, तसंच घ्यावं. नक्की काळ काढायचा तर गाड्या बघा. मागची काच उलटी तिरकी असलेली फोर्ड अँग्लिया किंवा छोटी मिनी दिसली तर फोटो १९५९ किंवा त्यानंतरचा. फोर्ड कॉर्टिना असेल तर १९६२ च्या सप्टेंबरआधीचा नाही. नंबरप्लेटच्या शेवटी वर्षाचं अक्षर असेल तर १९६३ किंवा पुढचा; नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ते सगळीकडे सक्तीचं व्हायला १९६५ उजाडलं. इंजिनिअर माणसाला हा खेळ फार आवडतो. अण्णांनी वहीच घातली आहे.

फ्रिथमध्ये मला कारखाना हवा तसा सापडला नाही. त्यासाठी ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ वापरलं. एरोफिल्म्स या कंपनीने विमानातून १९१९ ते १९५३ या काळात काढलेले सुमारे पंच्याण्णव हजार फोटो तिथे आहेत. फुकट नोंदणी केली की झूम करता येतं. वरून बघताना अण्णांना आधी काहीच ओळखेना, मग रेल्वेचे रूळ सापडले आणि रुळांवरून बोट फिरवत ते कारखान्याच्या शेडपर्यंत आले. याच कारखान्यात काम करत असताना डेनिस गॅबोर यांनी १९४७ मध्ये होलोग्राफीची, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा नोंदवण्याच्या तंत्राची, कल्पना मांडली. अण्णांच्या वेळी वरिष्ठ मंडळी ते अभिमानाने सांगायची. १९७१ मध्ये गॅबोरना नोबेल मिळालं तेव्हा अण्णांनी पुण्यात कात्रण कापून ठेवलं होतं. ते आता, या निमित्ताने, ट्रंकेतून बाहेर आलं.

नकाशांसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट मिळतात, आणि एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र असं लावता येतं. मरे रोडच्या बाजूची अण्णांची गल्ली तशीच आहे. रग्बी सेंट्रल स्टेशन मात्र नाही. लंडनला दिवाळीच्या कार्यक्रमाला जायला अण्णा तिथून मेरिलबोनची गाडी पकडायचे. ती लाइन १८९९ मध्ये सुरू झाली आणि रग्बीचं ते स्टेशन मे १९६९ मध्ये बंद पडलं. रूळ होते तिथे आता पायवाट आहे. अण्णा बराच वेळ त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत होते. “सत्तर वर्षंच चालली म्हणजे,” एवढंच म्हणाले.

जिओग्राफचा उपयोग मी कमी लेखला होता. २००५ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम, ब्रिटन आणि आयर्लंडच्या नकाशातल्या प्रत्येक चौरस किलोमीटरचे फोटो सामान्य लोकांनी काढायचे. जुने फोटो शोधणाऱ्याला वाटतं, हे कशाला? पण अण्णांना रोज रात्री खिडकीतून रग्बीजवळच्या हिलमॉर्टनच्या रेडिओ मनोऱ्यांचे लाल दिवे दिसायचे. बारा मनोरे, प्रत्येक आठशेवीस फूट. आठ २००४ मध्ये पाडले, उरलेले चार २००७ मध्ये. जिओग्राफ सुरू झाल्यापासून ते चार पडेपर्यंतच्या दोन-अडीच वर्षांच्या फटीत कुणी कुणी जाऊन उरलेल्यांचे फोटो काढून ठेवले, म्हणून ते अण्णांना पुन्हा दिसले. त्या अनोळखी माणसांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

एक वाईट अनुभवही सांगते, सावध व्हावं म्हणून. आणखी एका साइटवर “फुकट चाचणी” म्हणून कार्डाचा नंबर दिला आणि पंधरा दिवसांनी वर्षाचे पैसे कापले गेले. परत मिळवायला सात ईमेल लागले. वर दिलेल्या कुठल्याच ठिकाणी बघण्यासाठी मला कार्ड द्यावं लागलं नाही, तेव्हा घाई करू नका.

घरच्या मोठ्या माणसासोबत बसणार असाल तर “हे आठवतं का?” असं विचारू नका. नाही आठवलं तर ते खट्टू होतात आणि लॅपटॉप बंद करायला सांगतात. मी आता विचारते, “हा रस्ता पुढे कुठे जातो?” पाय आठवतात, डोक्याआधी. एका बैठकीत तीनच फोटो. आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून.

जवळची खेडीही चुकवू नका. डनचर्चचा एक फोटो निघाला, गवताने शाकारलेली घरं. १६०५ च्या बारूद कटातली, म्हणजे इंग्लंडची संसद उडवून द्यायला निघालेली, मंडळी याच गावात जमली होती, हे अण्णांना तिकडेच कळलं होतं. पण सायकल मारत ते रविवारी तिथे जायचे ते त्या छपरांसाठी. सावंतवाडीजवळच्या त्यांच्या घरी दर वर्षी पावसाआधी छप्पर शाकारायचं, आणि घरापासून इतक्या लांब तेच काम करणारी माणसं शिडीवर दिसली, तेव्हा अण्णा खाली उभे राहून अख्खी दुपार बघत राहिले होते.

मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःची आठवण लिहायला घेतली. मराठीत सांगतात, मी इंग्रजीत करते, मग ते चष्मा लावून माझं इंग्रजी तपासतात. घरमालकीण बाईंचं ब्लँकेट पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, यावर ते अडून बसले आहेत. ते पूर्ण झालं की पाठवू. तोवर पुढच्या रविवारचं गाव त्यांनी ठरवून ठेवलं आहे, कॉव्हेंट्री. तिथलं युद्धात जळलेल्या कॅथेड्रलशेजारी बांधलेलं नवं कॅथेड्रल मे १९६२ मध्ये उघडलं, आणि अण्णांनी ते त्याच वर्षी पाहिलं. दारासमोर एक बाकडं होतं म्हणतात, तिथे बसून डबा खाल्ला होता. ते बाकडं शोधायचं आहे.