सिलिकॉन पट्टी: सात महिने, दोन पाकिटं आणि श्रीखंडाचं झाकण

मे महिन्यात डोंबिवलीहून निघालेल्या लोकलच्या गर्दीत वणावर लावायची ही सिलिकॉन पट्टी छातीवरून सुटली आणि शर्टाच्या आत घसरत पोटापर्यंत आली. घरी पोचल्या पोचल्या एक स्टार देऊन रिव्ह्यूच्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्या आज खोडतोय.

छातीवर मध्यभागी साधी पुटकुळी आली होती. ती बरी झाली, पण वण वाढतच गेला. जखमेची हद्द सोडून पसरतो तो केलॉइड, एवढं ज्यांना आहे त्यांना ठाऊक असतंच. वणात ट्रायअॅमसिनोलोन या स्टिरॉइडची तीन इंजेक्शनं घेतली. गाठ इतकी टणक की औषध आत शिरताना डोळ्यांसमोर काजवे चमकतात. तिसऱ्या वेळी क्लिनिकमध्ये घेरी आली, आणि डॉक्टर मॅडमना सांगितलं, आता सुई नको.

कापून काढायचं विचारलं, तर नुसतं कापलं की बहुतेकदा पुन्हा येतो, कधी आधीपेक्षा मोठा. द्रव नायट्रोजनने गोठवायचं, तर आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. लेझरचा खर्च ऐकून गप्प बसलो. कांद्याच्या अर्काच्या जेलच्या तीन ट्यूब आधीच संपवल्या होत्या, फरक शून्य. राहिली ही पट्टी. जुन्या केलॉइडवर फार आशा ठेवू नका, ताज्या वणावर ती जास्त चालते, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं.

दिवसाला किमान बारा तास लावायची. सिलिकॉन आत मुरत नाही, वरून झाकून कातडीतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून तासांना महत्त्व. एका पट्टीचे चार तुकडे केले. रोज सौम्य साबणाने धुवून वाळवला की एक तुकडा साधारण साडेतीन आठवडे चिकटतो. साडेनऊशेचं पाकीट, सात महिन्यांत दोन. रोजचे नऊ रुपये, म्हणजे कटिंग चहापेक्षा स्वस्त.

आता मूळ तक्रार. पट्टीच्या चिकट बाजूला जे पारदर्शक प्लॅस्टिक येतं, ते इतकं पातळ की चौथ्या धुण्यात सुरळी होतं. मग आंघोळीच्या वेळी पट्टी ठेवायची कुठे? टॉवेलवर ठेवली की तिला दाढी फुटते. कंपनीला तीन ईमेल केले. उत्तर आलं, प्लॅस्टिक फक्त पॅकिंगसाठी आहे. अहो, मग धुवून पुन्हा वापरा असं पाकिटावर कशाला छापता? शेवटी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घासूनपुसून घेतलं. त्यावर पट्टी छान बसते, सोलताना फाटत नाही, आणि वरून डबा उपडा ठेवला की धूळ नाही. साडेनऊशेच्या पाकिटात दोन रुपयांचं जाड प्लॅस्टिक घालायला काय झालं होतं?

घामाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पट्टीखाली बारीक लाल पुरळ आलं. दोन दिवस बंद ठेवली, मग रात्रीपुरती, मग हळूहळू तास वाढवले. लोकलमधला प्रसंग याच काळातला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाईत ओल्या अंगावरच लावली होती. चूक माझी.

मत बदललं ते खाजेमुळे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लक्षात आलं की रात्री खाजवायला उठलो नाही. पारदर्शक प्लॅस्टिकवर बॉलपेनने वणाची कड गिरवून ठेवली होती, दर महिन्याला ताडून पाहतो. लांबी-रुंदी जशीच्या तशी. उंची मात्र उतरली, बनियनमधून फुगवटा दिसायचा तो आता दिसत नाही. रंगही जांभळटवरून तपकिरीकडे आलाय. वाढ थांबली हे पट्टीमुळे की आधीच्या तीन इंजेक्शनांमुळे, यावर मॅडमनी नुसते खांदे उडवले.

कानाच्या पाळीवर गाठ असेल तर पट्टीच्या नादी लागण्याआधी डॉक्टरांना दाबाच्या क्लिपबद्दल विचारा. छातीला क्लिप लावता येत नाही, नाहीतर मीही तीच घेतली असती.

साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो त्या प्लॅस्टिकचा, एक केलॉइड अजून तिथेच आहे त्याचा.