सायलेन्सरच्या मातीतलं रोडियम कुणी खाल्लं?

गॅरेजवाल्यांनो, जुन्या गाड्या तोडणाऱ्यांनो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची माती विकण्याआधी हे नीट वाचा. 2021 च्या मार्चमध्ये आमच्या कोल्हापुरातल्या गॅरेजमधून एका व्यापाऱ्याने सव्वाचार लाखांच्या आसपासचा धातू सत्तर हजारांच्या आत उचलून नेला. काटा आमचा, माल आमच्यासमोर दळलेला, नमुन्याच्या पाकिटावर माझी सही. तरीही नेला. कसा नेला तेच सांगतो, कारण हीच पद्धत अजून चालू आहे.

इंजिनाकडून येणाऱ्या पाइपवर जो फुगीर डबा असतो, तोच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. जाळीच्या भोकांना आतून लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम. 1995 साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला, पुढे सगळीकडे आला. छोट्या कारच्या डब्यात तिन्ही धातू मिळून काही ग्रॅमच भरतात, डोळ्यांना काहीच दिसत नाही. जाळी फोडून जी राखाडी भुकटी होते तिला धंद्यात माती म्हणतात. त्या सुमारास मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायला लागले होते, ते या मातीसाठीच.

आमच्याकडचा माल सरळ होता. अपघातात टोटल लॉस झालेल्या गाड्या, जाळी वितळून चोक झालेले डबे, आणि प्रत्येकाची नोंद वहीत गाडी नंबरासकट. इथेच एक बोलतो. चालत्या गाडीचा डबा काढून आत नुसता पाइप वेल्ड करून देणारे गॅरेजवाले आहेत. गिऱ्हाइकाला पत्ता नसतो, पीयूसीला गाडी नापास झाली की बिचारा कार्ब्युरेटर-इंजेक्टर साफ करत बसतो. जुना डबा ही गिऱ्हाइकाची मालमत्ता आहे. त्याला विचारून, त्याचे पैसे देऊनच तो घ्यायचा.

तर हा व्यापारी आला तो टेम्पोत दळणाचं मशीन आणि हातात बंदूक घेऊन. बंदूक म्हणजे एक्सआरएफ, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र. त्याने एका जाळीच्या तोंडावर ती टेकवली आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. "मिस्त्री, तुमच्या मालात दम नाही. बघा, मी काही बोलत नाही, मशीन बोलतंय." इथून माणसाचं मन खाली आणायला सुरुवात होते. एक्सआरएफ फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाळीत धातू सगळीकडे सारखा नसतो, बऱ्याच डब्यांत पुढच्या तोंडाला एक प्रमाण आणि मागे दुसरं असतं. अख्ख्या जाळीवर टेकवून आलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. माल बारीक दळून, एकजीव करून मग मोजला तरच त्याला अर्थ आहे.

दळलेली माती 24 किलो भरली. त्याने पिंपात हात घालून वरवरची दोन पळ्या माती पाकिटात भरली, सील केलं, दोघांच्या सह्या घेतल्या. माझा भाचा शिरोलीच्या फाउंड्रीत लॅबमध्ये आहे, तो तेव्हा योगायोगाने गॅरेजवर होता. तो म्हणाला, "मामा, असं वरून घेतात होय? आमच्यात साधी वाळू तपासायची तरी ढीग करून चार भाग पाडतात." त्याने ताडपत्री अंथरली, माती पुन्हा पुन्हा उलथी-पालथी केली, ढीग चपटा करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन बाजूला काढले, उरलेल्यांचं परत तेच. शेवटी मूठभर उरली ती काचेच्या बरणीत भरून, झाकणावर टेप आणि तारीख. व्यापाऱ्याने घाई लावली होती, "रेट आज आहे तो उद्या नसतो." वीस हजार रोख ॲडव्हान्स हातावर ठेवला आणि माल घेऊन गेला.

मग व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. मुंबईच्या एका लॅबचं लेटरहेड, शिक्का, सही. पॅलेडियम 610 पीपीएम, प्लॅटिनम 180 पीपीएम. हजार पीपीएम म्हणजे किलोमागे एक ग्रॅम, हा हिशेब पाठच करून ठेवा. त्यातून सहा टक्के ओल वजा. वर्षभर कोरड्या खोलीत पडलेल्या मालाला एवढी ओल कुठली? वरून पंचवीस टक्के गाळण्याचा, म्हणजे मातीतून धातू वेगळा काढण्याचा खर्च. असं करत रक्कम सत्तर हजारांच्या आत आली.

रिपोर्टात रोडियमची ओळच नव्हती. भाच्याच्या ते लक्षात आलं.

रोडियम धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड फोडतो, म्हणून बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्यांच्या डब्यांत तो असतो. प्रमाण थोडं, पण त्या मार्चमध्ये त्याचा भाव औंसाला 28-29 हजार डॉलरपर्यंत गेला होता. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. ग्रॅमला साठ हजार रुपयांच्या वर! पॅलेडियम तेव्हा ग्रॅमला सहा हजारांच्या आसपास होतं. म्हणजे रोडियमची एक ओळ गाळली की निम्म्याहून जास्त किंमत कागदावरून गायब.

बरणी आम्ही दुसऱ्या लॅबला पाठवली, जिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे. पॅलेडियम 1180, प्लॅटिनम 210, रोडियम 170. चोवीस किलोला पॅलेडियम 28 ग्रॅम, प्लॅटिनम पाच, रोडियम चार. चार ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण त्याचेच अडीच लाख होत होते. गाळणारा पूर्ण भाव कधीच देत नाही, त्याचा खर्च आणि घट खरी असते, हे मान्य. तरी हातात तीन लाख यायला हवे होते. मग व्यापाऱ्याच्या रिपोर्टवरच्या लॅबला फोन केला. त्या नंबरचा रिपोर्ट त्यांनी कधी दिलेलाच नव्हता. लेटरहेड जुन्या कागदावरून उचललेलं होतं.

यानंतर दुसऱ्या प्रकारचे ठग आले. "विकता कशाला, घरीच काढा, फॉर्म्युला देतो." काही हजार रुपये घेऊन नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण, म्हणजे आम्लराज, शिकवणारे हे लोक. त्यात रोडियम धड विरघळतच नाही, म्हणजे सगळ्यात महागडा धातू गाळात राहतो. वर जो तपकिरी वायू निघतो तो छातीत जातो आणि त्रास काही तासांनी उठतो, तोवर माणूस निर्धास्त घरी गेलेला असतो. प्लॅटिनमचे क्षार अंगाशी आले की काहींना कायमचा दमा जडतो. उरलेलं ॲसिड गटारात. प्रदूषण मंडळाची परवानगी, धूर धुणारी यंत्रणा यांच्याशिवाय हे करायचं काम नाही. घरात पोरंबाळं असताना पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच नाही. इरिडियम स्पार्क प्लग आणि ऑक्सिजन सेन्सरचे लॉट "सोन्याच्या भावात" विकणाऱ्यांनाही दारातूनच परत पाठवा. त्यांच्यात मौल्यवान धातू असतो तो टोकावर, मिलिग्रॅमच्या हिशेबात.

आता माल देताना आम्ही डब्यावरच्या कोडचे फोटो काढून ठेवतो. बाजारात मिळणारे नकली, स्वस्त डबे वेगळे काढतो, कारण त्यांच्यात धातू फारच कमी असतो आणि ते मिसळले की चांगल्या मालाचा आकडा पडतो. मोटरसायकलच्या डब्यांत बहुतेक पत्र्याची जाळी असते, तीही वेगळी. नमुना चार भाग पाडूनच घ्यायचा आणि पाकिटं तीन करायची. एक त्याचं, एक आपलं, एक भांडण झालं तर तिसऱ्या लॅबसाठी. तिन्हींवर दोघांच्या सह्या. कागदावर तिन्ही धातूंची नावं हवीतच आणि भाव कोणत्या तारखेचा तेही. 2023 मध्ये रोडियम पाच हजार डॉलरच्या खाली आला होता, म्हणून तारीख तोंडी ठेवून चालत नाही. बिल जीएसटीचं. रोखीत ॲडव्हान्स देऊन घाई करणाऱ्याला माल द्यायचा नाही.

बरणीचा रिपोर्ट, काट्याची पावती, खोट्या लेटरहेडची प्रत आणि त्या लॅबचं उत्तर आम्ही पोलीस ठाण्यात दिलंय. व्यापाऱ्याचा नंबर बंद आहे, बाकीचे पैसे आलेले नाहीत. सांगली, इचलकरंजी, कराड भागात त्याच काळात टेम्पोत मशीन घेऊन आलेल्या माणसाला कुणी माती विकली असेल, तर आपला रिपोर्ट शोधून काढा, रोडियमची ओळ आहे का पाहा आणि वर छापलेल्या लॅबला फोन करून रिपोर्ट नंबर विचारा. खोटा निघाला तर आपल्या ठाण्यात तक्रार द्या. एकट्या गॅरेजवाल्याची तक्रार व्यवहारातला वाद म्हणून बाजूला पडते, पण त्याच लेटरहेडचे चार कागद चार गावांतून आले तर तपास करावाच लागेल.