चर्चची देखभाल: एक मोठा देणगीदार की घरटी वर्गणी?

सांडोर, रमेदी, नंदाखाल ही वसईची धर्मग्रामं (पॅरिश) सोळाव्या शतकातली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतल्यानंतर आतल्या बहुतेक चर्चची छपरं गेली, कारण तिथे ती सांभाळणारी वस्तीच उरली नाही. तो किल्ला आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. गावातल्या चर्चचं मात्र गावालाच बघावं लागतं. तुमची समिती सध्या ‘एखादा मोठा देणगीदार गाठू’ आणि ‘घराघरांतून वर्गणी घेऊ’ यांत अडकली असेल, तर आमच्या धर्मग्रामाच्या वित्त समितीत बसून मी दोन्ही पाहिलं आहे. सणाची फनफेअर यात धरत नाही. मजा येते, थोडे पैसेही उरतात, पण एखाद्या वर्षी ऐन वेळी पाऊस आला की तेही नाही.

मोठी देणगी घेण्यात सोय आहे, हे नाकारत नाही. एक चेक, एक पावती, ठेकेदार लगेच कामाला. देणारा परदेशात असेल तर पासपोर्ट आधी विचारा. आखातात नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून सरळ देऊ शकतो. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या पुतण्याचा पैसा मात्र परकीय देणगी ठरतो. मग परकीय देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं आलं. देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीचा शब्दही देऊन बसू नका. प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी ती केंद्राने अधिसूचित केलेल्या वास्तूंनाच मिळते.

पण माझं मत फिरलं ते वेगळ्याच कारणाने. मोठा पैसा दिसणारं काम मागतो. वेदीला ग्रॅनाइट, फरशीला संगमरवर, दाराशी नावांची पाटी. पन्हळीसाठी, कुजलेल्या रिपांसाठी, वाळवीच्या औषधासाठी कुणी आपल्या आईच्या स्मरणार्थ पैसे देत नाही. आणि एका कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, चर्चच्या कायद्यात, कॅनन १२६७ मध्ये, ते स्पष्टच आहे. आमच्याकडे खात्यात फरशीचे पैसे पडून होते आणि दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ फुटून पाणी भिंतीत मुरत होतं. पुढे एका कुटुंबाने हौसेने भिंतीला कमरेएवढा सिमेंटचा गिलावा करून दिला. चुन्यातल्या दगडी भिंतीची ओल बाहेर पडेना, ती वर चढली. आता सिमेंटच्या वरच्या काठाला पांढरी क्षाराची रेघ आहे आणि तिच्यावरचा जुना चुना बोट लावलं की भुगा होऊन पडतो. काढा म्हणायची सोय नाही, शेजारीच पाटी आहे.

घरटी वर्गणीत हा त्रास नाही. पैसा ‘इमारत देखभाल’ या एकाच नावाखाली येतो आणि मे महिन्यात कौलं फिरवायला हाताशी असतो. त्रास दुसरे आहेत. आळीप्रमुखाला दारोदार जावं लागतं. ‘मागच्या फादरांच्या वेळी दिलंय’ हे ऐकून घ्यावं लागतं. नवीन इमारतींत राहायला आलेले लोक दारातूनच विचारतात, आम्ही कालच आलो, आम्ही का द्यायचं? वही नीट ठेवणारा माणूस लागतो, आणि तो मिळणं सगळ्यात अवघड. तरी ज्याने महिन्याला शंभर रुपये दिले तो मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर मान वर करून छप्पर बघतो, गळतंय म्हणून सांगतोही. मोठ्या देणगीने असा पहारा मिळालेला मी तरी पाहिला नाही. तुमच्याकडचा अनुभव वेगळा असू शकतो.

घंटाघराला तडा गेला असेल किंवा आढंच बदलायचं असेल, तर वर्गणीची वाट बघत बसू नये. तेव्हा मोठा हात लागतोच. फक्त चेक घेण्याआधी देणगीदाराकडून दोन ओळींचं पत्र घ्या: रक्कम इमारतीच्या देखभालीसाठी, कोणतं काम आधी ते वित्त समिती ठरवेल, नाव भिंतीवर न लावता देणगी-वहीत लिहिलं जाईल. एवढं वाचून जो चेक परत खिशात घालेल, त्याला चहा पाजा आणि आळीप्रमुखाला त्याच्या घरी वर्गणीची वही घेऊन पाठवा.