समुद्राकडच्या बाजूला सुरू लावू की उंडी-केवडा?

मुंबईहून परत येऊन गावच्या जागेत घर बांधलं की पहिला प्रश्न हाच, खारं वारं अडवायला काय लावू. नर्सरीवाला डोळे झाकून सुरूचं झाड (कॅज्युरिना) सांगतो. त्याचंही चूक नाही म्हणा, रोप स्वस्त, वाळूत जगतो, मुळांच्या गाठींमुळे नत्र हवेतनं मिळतं आणि तीनेक वर्षांत दीड-दोन पुरुष उंच. उंडीचं झाड सावकाश वाढतं, तेवढ्यात छातीला लागलं तरी नशीब.

पण सुरू जुना झाला की खालच्या फांद्या जातात, वर शेंडा नि खाली नुसते खांब, मग वारं मधनं सरळ तुमच्या सुपारीवर. खाली सुईसारख्या वाळक्या पानांचा असा थर साठतो की दुसरं काही उगवत नाही, आणि मे महिन्यात कुणी विडी टाकली तर बघायलाच नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगरचं सुरूचं बन आडवं झालं, अर्थात नारळ-सुपारी पण पडल्याच, सगळं सुरूवर ढकलत नाही.

आता किनाऱ्यानं स्वतः काय लावलंय ते बघा. भरतीच्या रेषेपाशी मर्यादवेल (नाव उगाच नाही पडलं), ती वाळू धरून ठेवते, तिच्यामागे निर्गुडी नि केवडा, त्यामागे भेंड, करंज, उंडी. भेंड म्हणजे भाजीची भेंडी नव्हे हां, पिवळ्या फुलाचं झाड. उंची पायरी-पायरीनं वाढते म्हणून वारं घरावर आदळायच्या आधीच वर उचललं जातं आणि जमिनीलगत भोक राहत नाही. तोटा एकच, वेळ लागतो, पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. केवडा मात्र वाटेपासून लांब लावा, काटे फार. आमची आजी सापाच्या भीतीनं लावूच द्यायची नाही, पण साप येतो तो उंदरामागे.

माझं मत विचाराल तर उंडी-करंजच. मागे नारळाची रोपं कोवळी असतील नि आडोसा लगेच हवा असेल तर दोन उंडींमध्ये एक सुरू घाला आणि सात-आठ वर्षांनी तोडा, वासे मांडवाला होतील. फक्त कुंपणाबाहेर पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) सुरू नको, वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात त्यांना मोकळी वाळू लागते.

उंडीची रोपं शोधत फिरू नका. वटवाघळं फळं खाऊन बिया झाडाखाली टाकतात त्या गोळा करा, कवच हलकेच फोडून पिशवीत लावा, नाहीतर उगवायला महिनेच्या महिने लागतात. भेंडाची जाड फांदी जूनमध्ये नुसती रोवली तरी फुटते.