वाळ्याचे (खस गवताचे) फुटवे घेतले होते, दोन पावसाळ्यांनंतर रिव्ह्यू लिहितेय

रिव्ह्यू उशिरा लिहितेय कारण गवत लावल्या लावल्या फोटो टाकून पाच स्टार देण्यात काही अर्थ नव्हता, नाल्याचा काठ टिकतो की नाही हे पावसाळे गेल्याशिवाय कळतच नाही. २०२३ च्या जूनमध्ये इंदूरच्या या नर्सरीतून २४०० फुटवे घेतले, २०२४ मध्ये पुन्हा थोडे घेतले. पाचपैकी चार देतेय, एक का कापला तेही खाली लिहिलंय.

आधी कशासाठी घेतले ते सांगते, कारण तुमची माती साधी असेल तर माझा अनुभव जसाच्या तसा लागू होणार नाही. मी इंदूरच्या सुदामानगरात राहते पण माहेर विदर्भातल्या वणी तालुक्यातलं, दादाची तिथे चार एकर आहे, कपाशी आणि तूर. शेताच्या वरच्या अंगाला ओपनकास्ट कोळसा खाण आहे. कोळसा वरून काढायचा म्हणजे त्याच्या डोक्यावरची सगळी माती, मुरूम, वाळूचा दगड आधी उपसून कुठेतरी टाकावा लागतो, त्याला तिकडे लहान पोरंसुद्धा ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात. त्या ओबीचा डोंगर आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच्यावरून राखाडी पाणी खाली येतं, सोबत वाळू, फुटका शेल (पापुद्र्यांचा मऊ दगड), कोळशाचा चुरा, आणि ते सगळं आमच्या नाल्यात बसतं. मी लहान असताना या नाल्यात दगड उचलला की खाली खेकडा असायचाच, वहिनी लग्न होऊन आली तेव्हासुद्धा धुणं तिथेच व्हायचं. आता गाळाने नाल्याचं पोट इतकं वर आलंय की पाणी सरळ काठ कापत शेतात शिरतं, २०२२ ला काठाची तीन ओळी कपाशी माझ्या डोळ्यादेखत गेली, दादा नुसता बघत उभा होता, मला ते अजून विसरता येत नाही.

तर मी नर्सरीत गेले आणि म्हटलं नाल्याच्या काठावर लावायला झाडं द्या, लवकर वाढणारी. तिथल्या काकांनी झाडं दाखवलीच नाहीत. ते म्हणाले, ताई, आधी माती आणा, मग बोलू. मी चिडले होते खरं तर, पुढच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा एका डब्यात काठाची माती आणि दुसऱ्यात नाल्याचा गाळ भरून आणला. काकांनी दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत टाकून पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. काठाची माती बराच वेळ गढूळ राहिली, गाळाची वाळू मात्र क्षणात तळाशी गेली आणि वर काळा पापुद्रा तरंगत राहिला. मग पीएचची पट्टी बुडवली, साडेसहाच्या आसपास आला. काका म्हणाले, हे बरं झालं, तुमच्याकडे आम्लाचा त्रास नाहीये. दगडात पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर हवा आणि पाणी लागून गंधकाचं आम्ल तयार होतं, पाणी लोखंड विरघळवत जातं आणि नाले नारिंगी होतात, मेघालय आणि आसामच्या कोळशात गंधक जास्त म्हणून तिकडे हे खूप दिसतं. तशी माती असती तर आधी चुना टाकावा लागला असता, नुसती रोपं लावून पैसे वाया गेले असते. हे सगळं त्यांनी एक रुपया न घेता सांगितलं, गिऱ्हाईक परत पाठवलं तरी चालेल पण चुकीचं रोप द्यायचं नाही असा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला.

आता प्रॉडक्टबद्दल. वाळा म्हणजे इकडे ज्याला खस म्हणतात तेच गवत, ज्याच्या मुळ्या आपण उन्हाळ्यात माठात टाकतो. या गवताची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंत जातात, आणि ताटवा दाट झाला की पाणी त्यातून गाळून पुढे जातं, गाळ मागे अडकतो. खरेदी करताना एक गोष्ट नक्की विचारा, उत्तरेकडचा वाळा फुलून बी धरतो आणि मग नको तिथे उगवू शकतो, दक्षिणेकडचा जो आहे तो बी जवळजवळ धरत नाही, फुटव्यांनीच वाढवावा लागतो. या नर्सरीत दक्षिणेकडचाच मिळतो आणि त्यांनी ते स्वतःहून सांगितलं. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यानपिढ्या शेताच्या हद्दीला हाच लावत आलेत, त्यामुळे हे काही नवीन फॅड नाही. भाव तीन रुपयाला एक फुटवा, १२० मीटर काठ, तीन ओळी, दर १५ सेंटिमीटरला एक, असा हिशोब काकांनी पाठकोऱ्या कागदावर करून दिला तेव्हा २४०० आले, ७२०० रुपये. मुळं बोटभर ठेवून छाटलेली, पानं वीतभर, ओल्या गोणपाटात बांधलेले गठ्ठे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नागपूर, तिथून दादा गाडी घेऊन आला होता, एकही गठ्ठा सुकला नव्हता.

दादाला अजिबात पटलं नव्हतं. म्हणे, या गवतानं कुठं नाला थांबते काय बाई. पण लावलं त्याने मनापासून. बांबूचा ए-फ्रेम (समपातळी बघायची ए आकाराची चौकट) करून उताराला आडव्या ओळी आखल्या, कारण ओळ थोडी जरी तिरकी गेली तरी पाणी तिच्या कडेने धावतं आणि नवीन घळ पाडतं.

खताचं तर मला आवर्जून लिहायचंय. मी नर्सरीतूनच कंपोस्टच्या ४० पिशव्या घेणार होते, काकांनी नाही म्हटलं, इंदूरहून विदर्भात खत नेताय, तुमच्याकडे पऱ्हाट्या आहेत ना. मग त्यांनी अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर १९२४ ला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तिथे या माणसाने कंपोस्टची पद्धत बसवली जिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत म्हणून तो त्या रस्त्यावर पसरायचा, गाड्यांखाली चुरडल्या की गुरांखाली अंथरायचा, मग शेण, मूत मिसळलेली माती, राख असे थर देऊन ढीग लावायचा आणि मधून मधून उलटायचा. मी इतकी वर्षं इंदुरात काढली, त्या कॉलेजवरून हजार वेळा गेले असेन, मला हे माहीतच नव्हतं. आणि माहेरी दरवर्षी पऱ्हाट्या जाळतात! दादाने त्या ट्रॅक्टरखाली चुरडल्या, वहिनीने गोठ्यात अंथरल्या, आणि साडेतीन महिन्यांत काळंभोर खत तयार झालं. ओबीच्या मातीत नत्र आणि सेंद्रिय काही नसतंच, ती जमिनीच्या पोटातून आलेली, तिच्यावर कधी पान पडलेलं नाही, म्हणून तिच्यात जीव आधी घालावा लागतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर असंच, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मुळांवर जगणारे जिवाणू-बुरशी देऊन झाडं जगवली होती.

निकाल सांगते. पहिल्या वर्षी २४०० पैकी साधारण ३०० गेले, त्यातले बहुतेक एकाच पट्ट्यात, जिथून पूर्वी खाणीचे डंपर वळायचे. तिथली जमीन इतकी दाबली गेलीये की पहार वाजते. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, फुटवे बदलून काही होणार नाही, दोन फूट खणून मोकळी करा. नंतर मी वाचलं की अमेरिकेतसुद्धा हेच झालं, १९७७ च्या कायद्याने खाणवाल्यांना जमीन परत पूर्वीच्या आकाराला आणायला लावली तेव्हा ती बुलडोझरने चोपून गुळगुळीत केली, दिसायला छान हिरवी पण झाडांची मुळं आत जाईनात, मग अपलॅचियन डोंगरात वरचे सव्वा मीटर माती सैल ठेवायची पद्धत आली. आमच्याकडच्या ओबीच्या डोंगरावर, म्हणजे डंपवर, सुबाभूळ लावलीये, लांबून हिरवीगार दिसते, जवळ जाऊन बघा, खाली गवताचं पान नाही आणि घळी तशाच.

२०२४ चा पावसाळा खरी परीक्षा होती. काठ १२० पैकी १०५ मीटर जागच्या जागी राहिला. ओळींच्या मागे वीतभर गाळ साचलाय. पण सगळं श्रेय गवताला देणं खोटं होईल. डंपच्या पायथ्याशी चर आणि गाळ बसायचा तलाव असावा, एकूण उतार २८ अंशांच्या वर जाऊ नये, या अटी खाणींच्या पर्यावरण मंजुरीत असतात. तलाव होता, पण तो काठोकाठ भरलेला आणि वर्षानुवर्षं न उपसलेला. दादाने दोन अर्ज दिले, ग्रामसभेचा ठराव जोडला, तेव्हा मे महिन्यात तो उपसला गेला. वरून येणारा गाळ तिथे थांबला नसता तर वाळा पुरून गेला असता असं मला वाटतं. २००९ पासून खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी कंपन्यांना एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात) पैसे ठेवावे लागतात, म्हणजे जमीन आणि नाले नीट करायला पैसा बाजूला असतो, त्यामुळे अर्ज करताना लाजू नका.

आता एक स्टार का कापला. २०२४ ला गॅप भरायला ६०० फुटवे फोनवर मागवले, काका गावाला गेले होते, मुलाने ते प्लास्टिकच्या पोत्यात भरून पाठवले. दादाने पोतं उघडलं तर आतून वाफ आली, निम्म्याहून जास्त सडलेले. मुलाने आधी ट्रॅव्हल्सवाल्यावर ढकललं, चार दिवस फोन उचलला नाही आणि लागवडीचा चांगला ओलावा तेवढ्यात निघून गेला, शेतीत ते चार दिवस परत मिळत नाहीत. काका आल्यावर त्यांनी ४०० नवे पाठवले, पैसे न घेता, गोणपाटातच.

नाल्यात अजून खेकडे आलेले नाहीत. पण या फेब्रुवारीत वहिनीने वरच्या डोहासारख्या जागेत बोटभर मासोळ्या बघितल्या, व्हिडिओ पाठवला, मी तो नर्सरीत जाऊन काकांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. आता काठाच्या वरच्या बाजूला करंज, जांभूळ आणि अर्जुन लावायचे आहेत, वाळ्यापासून अंतर ठेवून, कारण वाळ्याला सावली चालत नाही.

घेणार असाल तर स्वतः जा, फोनवर ऑर्डर करू नका, गोणपाट घरून न्या. मातीचे दोन डबे न्या, एक वरचा आणि एक पाण्यातला. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर गर्दी असते आणि रविवारी दुपारी काका नसतात. आणि पहिलं वर्षभर गुरं राखा, कोवळी पानं ती खातात, आमच्या गेलेल्या पंधरा मीटरपैकी सहा मीटर शेजारच्या म्हशींनीच नेले.