पॅरिशची शाळा की समोरची सीबीएसई? दोन्हीकडे एकेक मूल असलेल्या वसईच्या आईचा हिशोब

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने वसईला फ्लॅट घेतलाय, मुलगी पुढच्या जूनला पहिलीत, आणि गेले पंधरा दिवस सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये तिचा एकच घोशा, "तुमच्या चर्चच्या शाळेत घालू की आमच्या कॉम्प्लेक्ससमोरच्या सीबीएसईत? तुमच्याकडे म्हणे संस्कार चांगले." ती हिंदू, मी इथलीच सामवेदी कॅथलिक, म्हणजे वसईतल्या जुन्या ख्रिस्ती समाजातली. माझी मोठी मुलगी पॅरिशच्या इंग्रजी माध्यमात नववीला आहे आणि धाकटा सीबीएसईत पाचवीला, कारण त्याच्या वेळी आम्ही दोन वर्षं बाहेरगावी होतो आणि परत आलो तेव्हा पॅरिशच्या शाळेत जागाच नव्हती. म्हणजे ठरवून केलेली तुलना नाहीये ही, नशिबाने झालेली आहे. गाडीत अर्धवट सांगून होत नाही म्हणून इथे सगळं लिहून टाकते.

आधी एक घोळ निस्तरते. लोक सरसकट "कॉन्व्हेंट" म्हणतात, आता तर गल्लीतल्या दोन खोल्यांच्या शाळेलाही कॉन्व्हेंट म्हणतात. खरं कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांच्या संस्थेची शाळा. पॅरिशची म्हणजे धर्मग्रामाची शाळा, चर्चच्या आवारात किंवा शेजारी, मॅनेजर तिथले प्रमुख फादर, हेडमिस्ट्रेस कधी सिस्टर तर कधी साध्या बाई. वसईचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग, 1998 साली मुंबईपासून वेगळा झाला, पण यातल्या बऱ्याच शाळा त्याच्या कितीतरी आधीच्या, आणि बहुतेक स्टेट बोर्डाच्या. त्यातही दोन प्रकार आहेत, अनुदानित मराठी माध्यम आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यम, एकाच गेटमधून आत जातात पण दुनिया वेगळी. त्यावर पुढे येते.

तिचा खरा प्रश्न तिने चौथ्या दिवशी विचारला, तोही आवाज खाली करून, की धर्माचं काही करायला लावतात का. मला राग नाही आला, विचारायलाच हवा. उत्तर असं की राज्यघटनेच्या कलम 28 च्या तिसऱ्या भागात स्पष्ट आहे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रत्यक्षात आमच्याकडे कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला जातात आणि त्याच तासाला बाकीच्या मुलांना मॉरल सायन्स, आता त्याला व्हॅल्यू एज्युकेशन म्हणतात. सकाळी प्रार्थना होते, देव म्हणतात पण कुठला ते सहसा सांगत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने शाळांना लेखी सूचनाच दिल्या की आपल्या ख्रिस्ती प्रथा दुसऱ्या धर्माच्या मुलांवर लादू नका आणि रोजच्या असेंब्लीत संविधानाची उद्देशिका वाचून घ्या. आता सूचना निघाली म्हणजे प्रत्येक शाळेत तसंच चालतं असं नाही, पण निदान तुम्ही बोट ठेवू शकता. मात्र नाताळचा गोठा असणार, कॅरल्स असणार, भिंतीवर क्रूस असणार. त्याचाच त्रास होणार असेल तर पुढचं वाचू नका, सरळ समोरच्या शाळेत घाला, काही बिघडत नाही.

उलट धाकट्याच्या शाळेत सगळे सण. दिवाळी, ईद, ख्रिसमस, प्रत्येकाला ड्रेस, प्रत्येकाचे फोटो. एका डिसेंबरात त्याला सांता करून पाठवा म्हणाले, घरी येऊन मला विचारतो मम्मी, नाताळला येशू पण येतो का. मी हसले, पण रात्री जरा लागलंच. सण भरपूर, अर्थ कुठल्याच सणाचा नाही.

आता मूल्यशिक्षण. पुस्तकात बघाल तर दोन्हीकडे सारखंच आहे हो. स्टेट बोर्डाच्या शाळांत दहा मूल्यांची यादी असते, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, बीएड केलेल्या कुठल्याही बाईंना झोपेतून उठवून विचारा. सीबीएसईत त्याला लाइफ स्किल्स म्हणतात आणि प्रोजेक्टरवर दाखवतात. आणि युनिट टेस्ट जवळ आली की दोन्हीकडचा तो तास गणिताच्या टीचर घेऊन जातात, यात धर्मभेद नाही.

फरक कळतो तो काहीतरी घडल्यावर. मुलगी सहावीत असताना तिने कॉपी केली, शेजारणीच्या पेपरातून भूगोलाचे दोन प्रश्न. तेव्हाच्या सिस्टरांनी मला बोलावलं, तिला समोर बसवलं, मार्क कापले ते कापलेच, पण शेजारणीला तिने स्वतः जाऊन सांगायचं आणि पुढचे दोन शनिवार लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालायची. वर्गात एक अक्षर नाही. कोणालाच कळलं नाही, आजीलासुद्धा नाही. आणि धाकट्याने चौथीत एकाचा चष्मा तोडला, ढकलाढकलीत, तर मला मेल आला, इन्सिडंट रिपोर्ट, सोबत पॉलिसीची पीडीएफ, मी पैसे भरले, पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस रण पेटलं, आणि या सगळ्यात त्या दोन पोरांना समोरासमोर कोणी उभंच केलं नाही. मीच शेवटी रविवारी त्याला घेऊन त्यांच्या घरी गेले.

पण इथेच थांबले तर ती जाहिरात होईल. त्या सिस्टरांची पुढच्या वर्षी बदली झाली, सिस्टरांच्या आणि फादरांच्या बदल्या होतातच. नंतर ज्या आल्या त्यांच्यासाठी मूल्य म्हणजे रिबिनीची लांबी. मेंदी लावून आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, कोणाचं तरी लग्न होतं घरात, पोर रडून लाल. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे, अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नसला तरी, पण "शिस्त" या शब्दाच्या पोटात बरंच काही मावतं आणि पालकही कौतुकाने म्हणतात, तिथे शिस्त आहे बाई. तर संस्कार शाळेच्या नावात नसतात, त्या चार-पाच वर्षांत केबिनमध्ये कोण बसलंय त्यात असतात. सीबीएसईवाल्यांचं हे बरं की सगळं लेखी असतं, माणूस बदलला तरी नियम तोच, आणि माझ्या पोराला मेंदीबिंदीवरून कोणी कधी हटकलं नाही.

दुसरा फरक बाकावरचा. मुलीच्या वर्गात साठ पोरं, आणि त्यात भाजीच्या वाडीवाल्याची मुलगी, रिक्षावाल्याचा मुलगा, डॉक्टरांची जुळी, शेजारच्या पाड्यावरून येणारी वारली मुलगी. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी प्रत्येकाने मूठभर तांदूळ आणायचे, ते वृद्धाश्रमात जातात आणि पोहोचवायला मुलंच जातात. मोठं काही नाही, मूठभर तांदूळ. पण मुलीला माहीत आहे की वर्गात दोघीतिघींना ती मूठसुद्धा घरी मागताना विचार करावा लागतो, आणि बाकीच्या गुपचूप दोन मुठी आणतात. हे कुठल्या तासाला शिकवलं मला माहीत नाही. धाकट्याच्या वर्गात तीस मुलं, टीचर प्रत्येकाला नावाने ओळखतात, गणित आणि इंग्रजी बोलणं दोन्ही मुलीपेक्षा पुढे आहे हे मान्यच करते, पण सगळी एकाच भावाच्या फ्लॅटमधली. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट किती रुपयांचं यावर पाचवीतली पोरं बोलतात.

हेच पुढे नेलं तर खरी मूल्यांची शाळा त्याच गेटमधली मराठी माध्यमाची, हे मला माहीत आहे आणि तरी मी मुलीला तिथे घातलं नाही. लिहिताना लाज वाटते. मी स्वतः तिथलीच. आमच्याकडे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, वसईचेच लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि मराठीच्या तुकड्या मात्र आमच्याच डोळ्यांदेखत आटत चालल्या, कारण पेढे वाटणाऱ्या सगळ्यांची पोरं इंग्रजीत. अनुदानित असल्याने शिक्षकांचे पगार सरकारकडून, आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, पोषण आहार. पट कमी म्हणून बाईंचं लक्ष जास्त. मैत्रिणीला मी हे सुचवलं तर ती म्हणाली, तू घातलंस का? विषय संपला.

पैशांचं पटकन सांगते. मुलीची वर्षाची फी आणि मुलाचा नुसता बसचा खर्च, जवळपास बरोबरी. पॅरिशच्या शाळेतही फंड, रॅफलची तिकिटं, फेटचे म्हणजे शाळेच्या जत्रेचे कूपन असतं, पण अंगावर येत नाही. क्लासेस दोन्हीकडच्या मुलांना लावावेच लागतात, त्यात कोणी वाचत नाही. पुढे नीट-जेईईचं डोक्यात असेल तर सीबीएसईचा अभ्यासक्रम सोयीचा पडतो, हे शाळेवाले सांगतात आणि त्यात तथ्य आहे, पण पहिलीतल्या पोरीसाठी तो हिशोब आज कशाला.

ॲडमिशनचं मात्र गोड बोलून फसवत नाही. अल्पसंख्याक शाळा असल्याने आधी धर्मग्रामातली मुलं, बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरांची चिठ्ठी घेऊन, मग भावंडं शाळेत असलेली, मग उरलेल्या जागा. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्क्यांचं आरक्षणही तिथे लागू नाही, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळलं. माझ्या धाकट्याचा दाखला असून नंबर लागला नाही तर तिच्या मुलीचं काय सांगू. समोरच्या शाळेत फी भरली की जागा आहे.

मग तिला काय सांगितलं? मुलगी लाजरी आहे तिची, गर्दीत हरवणारी. मी म्हटलं साठांच्या वर्गात ती कोपऱ्यात बसून राहील आणि बाईंना दिवाळीपर्यंत कळणार नाही. पण तिच्या घरी आजी-आजोबा नाहीत, दोघं आठला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात, कॉम्प्लेक्सच्या बाहेरचा माणूस पोरीला दिसणारच नाही, त्या बाजूने बघितलं तर पॅरिशच्या शाळेसाठी जीव टाकावा. माझा कौल तिकडेच, एका अटीवर. आधी हेडमिस्ट्रेसला भेटायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे, मागच्या वर्षी कुठल्या मुलाने चूक केली तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि आमची मुलगी मेंदी लावून आली तर. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला नियमावली दाखवली तर नमस्कार करून निघायचं. सीबीएसईतही हेच विचारायचं, फक्त मेंदीऐवजी विचारायचं की फी उशिरा भरणाऱ्या मुलाचं नाव वर्गात घेता का.

येत्या शनिवारी आम्ही दोघी साडेबाराला दोन्ही गेटांवर उभ्या राहणार आहोत, शाळा सुटताना. पोरं बाहेर कशी पडतात, शिपायाशी कशी बोलतात ते बघायला. आणि तिला सांगितलंय, फॉर्म कधी निघतात ते आधी चौकशी करून ठेव, आणि जन्माचा दाखला शोधून ठेव, आमचा ऐनवेळी मिळाला नव्हता.