प्रागमध्ये अर्धाच दिवस मोकळा: किल्ला बघावा की योसेफोव्ह?

ऑफिसच्या कामाने प्रागला गेलं की फिरायला हाताशी उरतं ते इतकंच: मीटिंगनंतरच्या एक-दोन संध्याकाळी आणि परतीचं विमान रात्रीचं असेल तर शनिवारचा दिवस. व्लतावा नदीच्या एका काठाला टेकडीवर किल्ला, दुसऱ्या काठाला जुनं शहर आणि त्याला लागून ज्यूंची वस्ती, योसेफोव्ह. सगळं धावतपळत उरकू नका. एकच बाजू निवडा, आणि ती वार पाहून निवडा.

किल्ला म्हटल्यावर आपल्याला बुरुज आणि तटबंदी आठवते. इथे मात्र राजवाडे, चर्च, गल्ल्या असं एक गावच वसलंय. तिकिटाच्या इमारती संध्याकाळी पाचला बंद होतात, हिवाळ्यात चारलाच. म्हणजे ऑफिस सुटल्यावर गेलात तर नुसती अंगणं बघून परत यावं लागेल. शनिवार मोकळा असेल तर किल्लाच करा. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम 1344 साली सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 मध्ये. जुन्या राजवाड्यातली ती खिडकीही चुकवू नका: 1618 मध्ये बंडखोर सरदारांनी बादशहाचे अधिकारी तिच्यातून खाली फेकले आणि युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं. लॅपटॉप हॉटेलवरच ठेवा. जाताना 22 नंबरची ट्राम, येताना नेरुदोवा रस्त्याने चालत उतार.

जुनं शहर संध्याकाळीही चालतं. 1410 सालच्या खगोलीय घड्याळापुढे तासाच्या ठोक्याला गर्दी उसळते. घड्याळातल्या हलत्या पुतळ्यांचा खेळ मिनिटभरात संपतो, खिसा-पाकीट सांभाळा. तिथेच जरा खाली बघा. फरसबंदीत 27 पांढरे क्रूस बसवलेत. खिडकीपासून सुरू झालेलं बंड मोडल्यावर 1621 मध्ये इथे 27 जणांना जाहीर मृत्युदंड दिला, त्यांचे हे क्रूस. नदीपलीकडच्या गोष्टीचा शेवट असा पायाखाली सापडतो.

योसेफोव्हची संग्रहालयं आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद. पण कामाच्या दिवसांत अर्धा दिवस सुटत असेल तर मी किल्ला सोडून इथेच जाईन. पिंकास सिनेगॉगच्या भिंती वरपासून खालपर्यंत नावांनी भरल्या आहेत: नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) जवळजवळ 78 हजार ज्यूंची नावं. आडनाव लाल, पुढे नावं आणि तारखा काळ्या. अक्षरं हाताने लिहिलेली. लांबून भिंत नुसती करडी दिसते. हातभर अंतरावर गेलं की एकाच आडनावाखाली आजोबा, सून, नातू वाचता येतात आणि पाय तिथून हलत नाहीत. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. बाहेर जुनं कब्रस्तान. जागा पुरेना म्हणून थरावर थर रचत गेले, त्यामुळे शिळा एकमेकींना टेकून तिरक्या उभ्या आहेत. सर्वांत जुनी 1439 सालची. इथे घाई करवत नाही. दोन-अडीच तास हाताशी ठेवाच.

चार्ल्स पुलासाठी वेगळा वेळ काढू नका. हॉटेल जवळ असेल तर सकाळी सातच्या आत जा. 516 मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, आणि त्या वेळी पुलावर मोजकीच माणसं. न्याहारीला वेळेत परत याल.